चहा गरम राहील इतकं अंतर

माणसांनी भरलेलं विमान कसं दिसतं, हे डावरीला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. तिला दिसायचं ते माणसं उतरून गेल्यानंतरचं विमान. सीटांवर कसेही पडलेले पट्टे, पायाखाली बिस्किटांचा चुरा, कुणाचा तरी एकटाच राहिलेला मोजा, आणि खिडकीच्या काचेवर कपाळ टेकल्याचा तेलकट डाग. ती आणि तिच्या टोळीतले पाचसहा जण मागच्या दारानं आत शिरायचे, आणि मुकादम शिडीच्या खालून ओरडायचा, “आवरा, आवरा! पुढची फौज दारात उभीय!”

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. झाडू डाव्या हातात, फडकं डाव्या हातात, मुकादमाला हळूच हात दाखवायचा तोही डावाच, म्हणून डावरी. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. नाव ठेवणारे ठेवतात, आपण काम उरकावं आणि घरी जावं.

या कामात एक गंमत आहे. विमान किती लांबून आलंय, हे सफाईवाल्यांना सांगावं लागत नाही. दारातून आत पाऊल टाकलं की कळतं. तासाभराच्या विमानात माणसं ताठ बसून आलेली असतात, पांघरुणाची पिशवीसुद्धा कुणी फाडत नाही. दहाबारा तासांच्या विमानात मात्र संसार मांडलेला असतो. उशा खाली, पांघरुणं वाटेत, आणि हवेला एक झोपेचा वास. टोळीतली मावशी, म्हणजे सगळ्यांत जुनी बाई, दारात नाक वर करायची आणि म्हणायची, “हे लांबचं गं बाई. आज कंबर मोडणार.” आणि ते लांबचंच असायचं.

पण दुपारी एक विमान यायचं, त्याला डावरी नाक लावत नसे. ते तिच्या भावाचं विमान.

भावाचं म्हणजे काही त्यानं विकत घेतलेलं नव्हे हो! कंपनी लहानशी, विमान एकच आणि तेही म्हातारं. सकाळी इथून निघायचं, भावाच्या शहरी जायचं, दुपारी परत यायचं. इकडून तिकडे अडीच तास, तिकडून इकडे अडीच तास. इथं त्याला डावरीची टोळी पुसायची, आणि तिथं तिच्या भावाची टोळी. भाऊ तिच्याआधीपासून त्याच धंद्यात होता. त्याचं घरचं नाव बुटक्या. पुढं तो तिच्यापेक्षा हातभर उंच झाला, पण नाव काही उंच झालं नाही.

आता हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नऊ वर्षं! सख्खी भावंडं, आणि नऊ वर्षं एक शब्द नाही. ऐकणाऱ्याला राग येतो. अरे, फोन कशाला असतो? पण रागावण्याआधी झालं काय ते ऐकावं.

बुटक्याला त्या शहरात नोकरी लागली तेव्हा आई आणि डावरी त्याला पोचवायला गेल्या होत्या, रेल्वेनं. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. आई गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती आणि दर स्टेशनाला विचारायची, “आलं का गं?” येता येत नव्हतं ते गाव. तेव्हापासून डावरीच्या मनात भावाचं शहर म्हणजे पृथ्वीचं टोक. दोन रात्री लांब.

पुढं दोनच वर्षांनी आई आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू. डावरीनं विचार केला, उगीच त्याला कशाला घाबरवा? दोन रात्रींचा प्रवास करून पोर येईल तोवर आई उठून बसलेली असेल. तिनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोळे उघडून विचारलं, “बुटक्या आला का गं?”

आणि डावरी म्हणाली, “निघालाय. पोचेल इतक्यात.”

तो निघाला नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं. तिनं त्यानंतर फोन लावला, तोपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि आई गेली होती.

बुटक्या त्याच रात्री पोचला. रेल्वेनं नव्हे, विमानानं; तेव्हा तिकडून दुपारी-संध्याकाळीही विमानं सुटायची. त्याला कंपनीतून फुकट सीट मिळायची, हे डावरीच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो आला, आईजवळ बसला, सगळं झाल्यावर उठला आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाला, “अडीच तासांवर होतो मी, ताई. अडीच तास.” ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. गेला. त्यानंतर तिचा फोन त्यानं उचलला नाही, आणि मग तिनं करणं सोडलं.

अडीच तास म्हणजे किती, हे तिला तेव्हा खरोखर कळलं नव्हतं. कळलं ते विमानतळावर कामाला लागल्यावर. पगार बरा आहे म्हणून लागले, असं ती सगळ्यांना सांगायची. घरात नवरा सोडून कुणी तिला उलट विचारलं नाही. नवरा बसचा कंडक्टर, तो म्हणाला, “पगार बरा, आणि भावाचं विमान रोज दारात. दोन्ही झालं.” तिनं त्याला भाजी निवडायला बसवलं.

तर कामाच्या पहिल्याच आठवड्यात मुकादमानं तिला विमानाची मागची पँट्री धुवायला लावली. तिथं चहाचा एक थर्मास होता, तिकडून निघताना भरलेला. उरलेला चहा ओतून टाकायचा, थर्मास विसळायचा. तिनं झाकण फिरवलं आणि चहा ओतला. वाफ आली. हातावर दोन थेंब उडाले, ते चटकन लागले.

डावरी तशीच उभी राहिली. हा चहा बुटक्याच्या शहरात उकळला होता. तिथल्या पाण्याचा, तिथल्या गॅसवरचा. आणि तो अजून गरम होता. ते शहर पृथ्वीच्या टोकाला नव्हतंच. एवढंसं होतं ते लांब. चहा निवत नाही एवढंसं. दुपारी आईनं विचारलं होतं तेव्हा फोन केला असता, तर संध्याकाळी दारात उभा राहिला असता तो. पँट्रीत ती हमसून हमसून रडली. मावशीला वाटलं हात भाजला, तिनं बर्फ आणून दिला.

त्याच्यानंतर काही महिन्यांनी ते पांघरुणाचं सुरू झालं.

शेवटच्या रांगेवर, डोक्यावरच्या कप्प्यात, जास्तीची चारदोन पांघरुणं ठेवलेली असत. एवढ्या छोट्या प्रवासात ती कुणी मागत नसे, तिकडून इकडे यायची आणि तशीच परत जायची. एका दुपारी डावरीनं कप्पा पुसायला म्हणून ती खाली काढली, आणि सगळ्यांत वरचं हातात घेतल्या घेतल्या तिनं ते ओळखलं. ती घडी आईची होती.

आई एका लॉजवर चादरी बदलायची. तिची घडी साऱ्या लॉजमध्ये वेगळी. तीनदा दुमडायची, आणि उरलेला कोपरा घडीच्याच पोटात खुपसून टाकायची. मग ती चादर जिन्यावरून खाली फेकली तरी सुटत नसे. घरी चादर धुतली की एका टोकाला बुटक्या, दुसऱ्या टोकाला डावरी, आणि मधे आईचे हुकूम: “ताणा! आता या जवळ. कोपरा द्या.” दोघं टोकं घेऊन चालत यायची आणि मधे नाकाला नाक लावून हसायची. आई म्हणायची, “माकडांनो, चादर लोळतेय.”

डावरीनं ते पांघरूण उलगडलं आणि पुन्हा तशीच घडी घातली. फक्त कोपरा खुपसला तो डाव्या बाजूनं, तिच्या हाताला जमतो तसा. सकाळी विमान गेलं. दुपारी आलं. तिनं कप्पा उघडला. घडी आईची, आणि कोपरा उजव्या बाजूनं.

म्हणजे त्यानं उघडलं होतं. त्याला कळलं होतं. आईची घडी आणि डावा हात, जगात दुसरं कोण असणार?

तेव्हापासून हे चाललं होतं. डावा कोपरा जायचा, उजवा कोपरा यायचा. एक दिवस चुकला तर डावरीला रात्री जेवण जात नसे. मग वाटायचं की त्याला सुट्टी असेल. काम आटपलं की ती शेवटच्या रांगेत घटकाभर टेकायची, पांघरूण मांडीवर घेऊन डोळे मिटायची. विमान उभंच असायचं, पण तिला वाटायचं, चाललंय. खालून ढग जातायत. मुकादमाची हाक ऐकली की ती उतरायची आणि पाय जरा लटपटायचे, खरंच कुठून तरी जाऊन आल्यासारखे.

पण एक गोष्ट त्या घडीत मावत नव्हती. आईनं विचारलं होतं, आणि मी खोटं बोलले, हे तिला त्याला सांगायचं होतं. त्यानं रागवायचं तर पुरतं कळून रागवावं. फोनवर हे सांगायचं तिचं धाडस नव्हतं. आणि समोर जायचं म्हटलं की तिला वाटायचं, जाऊ, घाई काय आहे, विमान रोज आहे. रोज असणाऱ्या विमानात माणूस कधीच बसत नाही!

मग एक दिवस मुकादमानं सांगितलं, “म्हातारं निघालं विक्रीला. येत्या शनिवारी शेवटची फेरी. मग ही लाइन बंद.”

“बंद म्हणजे? दुसरं विमान लावतील ना?” डावरीनं विचारलं.

“कशाला लावतील? निम्म्या सीटा रिकाम्या असतात. तू पुसतेस ना, तुला ठाऊक नाही होय?”

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो तिकिटांची पेटी पुसत होता. “किती लांब आहे गं ते?” त्यानं विचारलं.

“अडीच तास.”

“मधे स्टॉप किती?”

“एकही नाही.”

“एकही नाही? मग त्याला लांब कसलं म्हणतेस! माझी बस डेपोतून बाजारात जाईपर्यंत सोळा वेळा उभी राहते, तरी माणसं भाजीला जातातच ना? जाऊन ये की.” आणि जरा थांबून म्हणाला, “त्याला नाही आवडलं तर त्याच विमानानं परत. शनिवारी परतीचं आहेच.”

रेल्वेनं कधीही जाता आलं असतं, असं कुणी म्हणेल. आलं असतं. पण नऊ वर्षांत गेली नाही ती, आणि विमान बंद झाल्यावर तर मुळीच गेली नसती. हे तिचं तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तिनं मुकादमाकडे कंपनीची सीट मागितली. मुकादमानं आधी थट्टा केली, “तू आत बसणार? मग कचरा कोण काढणार?” पण सीट मिळवून दिली. मनाचा वाईट नव्हता तो, तोंडाचा होता.

पण शुक्रवारी विमान आलं, तिनं कप्पा उघडला, आणि पांघरूण नुसतं कोंबलेलं होतं. घडीच नाही. कुणीतरी बोळा करून टाकलं होतं.

डावरीनं तो बोळा खाली काढून उलटसुलट पाहिला. सुट्टी असेल, असं मावशी म्हणाली. पण शेवटचे दोन दिवस उरले असताना सुट्टी? विमान बंद होणार हे त्यालाही कळलंच असणार. की त्यानं ठरवलं, झालं तेवढं पुरे? तिनं पांघरुणाची घडी घातली, डावा कोपरा खुपसला, आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “मी नाही जात.” तो म्हणाला, “बरं.” आणि तिची चांगली साडी काढून खुर्चीवर ठेवली.

शनिवारी सकाळी तिनं शेवटचं म्हणून ते विमान पुन्हा एकदा पुसलं, कपडे बदलले, आणि पुढच्या दारानं आत शिरली. पुढच्या दारानं ती आयुष्यात पहिल्यांदा आली. सीट मागून घेतली होती शेवटच्या रांगेतली, त्याच कप्प्याखालची. एअर होस्टेस ओळखीची होती, तिनं हसून पट्टा लावून दिला. त्या सीटेचा पट्टा तासाभरापूर्वी डावरीनंच घडी करून ठेवला होता.

मग विमान पळालं आणि जमीन सुटली.

पहिला बराच वेळ तिनं सीटेचे दांडे सोडले नाहीत. मग हळूहळू काचेला कपाळ लावलं. डाग पडेल, हे मनात आलं, आणि तिनं पदरानं काच पुसली. पुन्हा कपाळ लावलं. खाली घरं होती, मग घरं संपली. पिवळं, हिरवं, मातकट असं काहीतरी मुकाट्यानं मागं सरकत होतं. नदी की रस्ता कळत नव्हतं. आवाज एकसारखा होता, आणि आदल्या रात्रीची झोप डोळ्यांत होती.

तिला वाटलं, याच वाटेनं खालून ती रेल्वे चाललीय. अजून पोचलेली नाही. आई गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसलीय, आणि वर बघून विचारतेय, “बुटक्या आला का गं?” डावरीला स्वतःचा हात दिसावा इतकी स्पष्ट दिसली ती. “तो नाही आला आई,” ती म्हणाली, “मीच निघालेय.” आईनं मान हलवली, तसंच असेल म्हणाल्यासारखी, आणि गाडी ढगाखाली गेली. डावरी बराच वेळ काचेतून बघत राहिली. ढग संपला तेव्हा खाली दुसराच मुलूख होता.

चहा आला. तिनं तो थेंबही न सांडता प्यायला, कप पदरानं पुसून ठेवला, पुढच्या सीटवरच्या माणसानं टाकलेला कागद उचलून मुठीत धरला. एअर होस्टेस म्हणाली, “अहो, आज तरी राहू द्या!” तिला राहवत नव्हतं, काय करणार?

विमान उतरलं. माणसं उठली, गेली. डावरी उठली नाही. तिला पुढच्या दारानं त्या शहरात जायचंच नव्हतं. तिला माहीत होतं, जो यायचा तो मागच्या दारानं येतो. “सफाईवाले येऊ द्यात,” ती म्हणाली, “मी त्यांच्यातलीच आहे.” आणि ती शिडीवरच्या पायांचा कानोसा घेत राहिली.

दार उघडलं. टोळी आत आली. एक उंच माणूस मागूनच सुरुवात करत वाकला. केस कानाशी पिकलेले. सफाईवाला कधी वर बघत नाही, त्याला माणसं दिसत नाहीत, फक्त सीटा दिसतात. त्यानं झाडू तिच्या सीटेखाली घातला आणि तंद्रीतच म्हणाला, “पाय जरा वर घ्या.”

डावरीनं पाय वर घेतले. लहानपणी घर झाडताना तीच त्याला हे म्हणायची, दिवसातून दहा वेळा, आणि तो मुद्दाम पाय सोडून बसायचा.

“कोपऱ्यात राहिलं रे, बुटक्या,” ती म्हणाली.

झाडू थांबला. तो वाकलेलाच राहिला, मग हळूहळू सरळ झाला. बघत राहिला. आणि तिनं पाहिलं, त्याच्या कामाच्या डगल्याखाली कडक इस्त्रीचा शर्ट होता, नवा कोरा.

“हे काय घातलंयस?”

“परतीच्या विमानात सीट घेतली होती,” तो म्हणाला. “तुझ्याकडे यायला. काल त्याच्यासाठीच सुट्टी टाकली, दिवसभर ऑफिसात उभा होतो. कुणी घातली काल घडी?”

“कुणी नाही. बोळा आला नुसता.”

“अरे देवा,” तो म्हणाला, “आणि तरी आलीस?”

ती पँट्रीत गेली. थर्मास आणला, कपात ओतला. “घे. सकाळी आपल्याकडे भरलाय.” त्यानं कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि तसाच उभा राहिला. “गरम आहे,” तो म्हणाला.

“हो. मला आधी ठाऊक नव्हतं रे, एवढं जवळ आहे ते.” आणि मग, धीर आहे तोवर, तिनं सांगून टाकलं. “आईनं शेवटी तुझं विचारलं होतं. मी तुला फोनही केला नव्हता, आणि तिला म्हटलं, निघालाय, पोचेल इतक्यात. खोटं बोलले मी तिच्याशी.”

त्यानं कपात बघितलं. पुढच्या रांगांत त्याच्या टोळीचे झाडू चालले होते. त्यानं विचारलं, “मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. डोळे मिटले. हसल्यासारखी दिसली. मग उठलीच नाही.”

“म्हणजे तिला वाटलं, मी वाटेवर आहे.”

“हो.”

बुटक्यानं कप खाली ठेवला, बाहीनं तोंड पुसलं. रागावला की नाही, तिला कळेना. त्यानं हात वर करून कप्पा उघडला, तिनंच काल ठेवलेलं पांघरूण काढलं, डाव्या कोपऱ्याला बोट लावलं आणि एका झटक्यात सगळं उलगडून टाकलं. दोन टोकं स्वतःकडे ठेवली, दोन तिच्यापुढे धरली.

“एवढंसं तर आहे,” डावरी म्हणाली. “एकट्यालाही जमतं की.”

“जमतं गं ताई. इतकी वर्षं जमवलंच ना? तू धर.”

तिनं धरलं. दोघं वाटेत मागं सरकली, पांघरूण ताणलं, आणि एकमेकांकडे चालत आली.